रिकामे सापळे दाखवून विकलेलं औषध

केळीच्या सोंडकिड्यावर 'ड्रिपमधून एकदाच सोडा आणि विसरा' असं सांगत औषध विकणारी माणसं जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात बांधोबांध फिरतात. आमच्याकडून त्यांनी तीन एकरांचे 36 हजार नेले. पैशांपेक्षा जास्त राग येतो तो त्यांनी ज्या हुशारीने गंडवलं त्याचा. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

बाग जी-नाइन जातीच्या केळीची, टिश्यूकल्चरची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, जूनमध्ये लावलेली मृगबाग. पाच महिने उलटल्यावर काही खोडांवर टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं दिसायला लागली आणि त्यातून चिकट डिंक ओघळायला लागला. शेजारच्या शेतात घड उतरवून झालेली खोडं तशीच उभी सडत होती, हेही सांगून ठेवतो.

नाना, म्हणजे माझे वडील, कृषी केंद्रात याबद्दल विचारत असताना तिथे एकजण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, 'कंपनीचा तांत्रिक अधिकारी' म्हणून ओळख. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बागेत हजर. एक खोड बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "नाना, हा कंदातला भुंगा. जमिनीतून वर चढतो. वरून काहीही फवारा, पैसे वाया. याला मुळातूनच द्यावं लागतं."

पहिली थाप ही. केळीत सोंडेचे भुंगे दोन असतात. एक कंदातला. त्याची मादी बुंध्याशी अंडी घालते, अळी कंद पोखरते, झाड बारकं राहतं आणि शेवटी मुळासकट उपटून पडतं. हा भुंगा फारसा उडत नाही, तो बहुतेक वेळा लागवडीच्या पिलांच्या, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबांच्या, कंदांतून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो, आणि टिश्यूकल्चरच्या रोपांबरोबर तो येत नाही. दुसरा खोडातला. तो पानांच्या देठांच्या बेचक्यात, सडक्या खोडात लपून बसतो. मादी खोडाच्या सालपटात छिद्र पाडून अंडी घालते, अळी आतल्या आत बोगदे करते आणि कोषही खोडातच करते. भोकं आणि डिंक ही याची खूण. याचा जमिनीशी संबंध नाही. आमच्याकडे सरळसरळ हा दुसरा होता.

मग त्याने कंदातला का सांगितला? कारण खोडापुरता उपचार करायचा म्हटलं तर औषध किती विकलं जाणार? आळवणीला, म्हणजे मुळाशी औषध सोडायला, मात्र एकरी पाच लिटर. लिटरचा भाव 2,400 रुपये. कीड कोणती ते झाड बघून नव्हे, बाटल्या मोजून ठरलं होतं.

शंका दिसली की त्याच्याकडे खेळ तयार असतो. एक खोड चिरलं, आतून पांढरी, बिनपायाची, तपकिरी डोक्याची अळी काढली, बाटलीच्या झाकणात ठेवली आणि वरून औषध ओतलं. अळी वळवळली आणि गेली. बांधावर जमलेले सगळे गप्प. पण झाकणात ओतलं ते निव्वळ औषध, पाण्यात मिसळलेलं नव्हे. उघड्या अळीवर रॉकेल ओतलं तरी ती मरते. प्रश्न खोडात दडलेल्या अळीचा आहे आणि तिच्यापर्यंत हे द्रव पोचतं का, ते झाकणात दिसत नाही.

खरी करामत यापुढची. प्रत्येक एकराला त्याने कामगंध सापळे, म्हणजे किडीला वासाने ओढून पकडणारे सापळे, 'फुकट' दिले. प्लॅस्टिकचे डबे जमिनीत काठोकाठ पुरले, आत साबणाचं पाणी, वर गंधाची पुडी टांगली. औषध सोडून काही आठवडे झाल्यावर आला, डबे उघडून दाखवले आणि म्हणाला, "बघा नाना, एक भुंगा नाही. शंभर टक्के रिझल्ट." डब्याशेजारी नानांना उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो पुढच्या गावात कुणाकुणाला दाखवला असेल देव जाणे.

ती गंधाची पुडी कॉस्मोल्युअरची होती. तिच्यावर येतो तो कंदातला भुंगा, आणि तो आमच्या बागेत नव्हताच. ते डबे पहिल्या दिवशीही रिकामेच राहिले असते.

हे कळलं पालच्या कृषी विज्ञान केंद्रात पुडीचा फोटो दाखवल्यावर. तिथून सांगितल्याप्रमाणे खोडाचे फूट-दीड फुटाचे तुकडे घेतले, उभे चिरले आणि चिरलेली बाजू खाली करून बागेत ठेवले. आंबूस वासाला भुंगे तिथे गोळा होतात. त्याच बागेत, त्याच रिकाम्या डब्यांच्या शेजारी, तुकडे उलटले की खाली काळे भुंगे. एकरी साधारण चाळीस तुकडे पुरतात. चिरलेल्या बाजूवर नोंदणीकृत बिव्हेरिया बॅसियाना (किडीला मारणारी बुरशी) लावायचं, तुकडा वाळला की बदलायचा. वाळलेली पानं काढायची, पोखरलेली झाडं कापून नष्ट करायची आणि घड उतरला की खोड उभं ठेवायचं नाही. शेजाऱ्यालाही ठेवू द्यायचं नाही, जे जास्त कठीण! आमच्याकडे तोवर उशीर झाला होता. मे महिन्यातल्या वाऱ्यात पोखरलेली खोडं घडासकट मधोमध मोडली.

मग मी बाटलीची मागची बाजू नीट वाचली. 'पिकाची प्रतिकारशक्ती वाढवते', बस्स. किडीचा शब्द कुठेच नाही. विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन नाही, विषबाधेवर काय करायचं ते नाही, नोंदणी क्रमांक नाही. सोंडकिडा, फुलकिडे, मावा, करपा, अगदी सीएमव्हीसुद्धा, हे सगळं फक्त त्याच्या तोंडी आणि टॅबवर. करपा बुरशी आहे, सीएमव्ही विषाणू. विषाणूवर औषध असतं तर 2020 मध्ये इथल्या लोकांनी बागाच्या बागा उपटल्या नसत्या. फुलकिड्यांचं बघायचं तर ते निसवणीच्या, म्हणजे केळफूल बाहेर पडण्याच्या, वेळी केळफुलाच्या पाकळ्यांआड शिरतात. महिनोन्‌महिने आधी ड्रिपमधून सोडलेलं टॉनिक त्यांचं काय करणार?

"ऑरगॅनिक आहे, नंबर लागत नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. साफ खोटं. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली निंबोळीवरची आणि बिव्हेरियासारखी जैविक कीटकनाशकंसुद्धा नोंदणीत येतात. आणि वाढीची टॉनिकं, म्हणजे जैव उत्तेजकं, 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. म्हणजे कोणत्याही बाजूने बघितलं तरी बाटलीवर काहीतरी क्रमांक हवाच.

पावती म्हणून मिळाला तो कच्चा कागद, त्यावर 'शेती साहित्य' एवढंच. पैसे यूपीआयने एका माणसाच्या खात्यात गेलेले, कंपनीच्या नव्हे.

तक्रार घेऊन पंचायत समितीत गेलो. कृषी अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा दोनच गोष्टी मागितल्या: पक्कं बिल आणि त्याच बॅचची सीलबंद बाटली. उघडलेल्या बाटलीतलं औषध मूळचंच आहे हे सिद्ध करता येत नाही, म्हणून नमुना निरीक्षक सीलबंद मालातूनच घेतात. आमच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या. नशिबाने गावातल्या एका काकांकडे न फोडलेला खोका होता, त्यातून नमुना गेला. जिल्हा ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. यूपीआयची नोंद, बॅच क्रमांकाचे फोटो आणि मोडलेल्या झाडांचा पंचनामा एवढं आम्ही जमवलंय.

परवा बऱ्हाणपूरच्या पाहुण्यांचा फोन आला. त्यांच्याकडेही एकजण सापळे फुकट वाटतोय. मी बाटलीचा फोटो मागवला. नाव नवीन, झाकण निळं, मागचा मजकूर मात्र शब्दाला शब्द तोच. त्यांना म्हटलं, पैसे देऊ नका. एक बाटली पक्क्या बिलावर मागा, आणि दिलीच तर फोडू नका.