डब्यातले रिफ्राइड बीन्स आणि पाव किलो चित्रा राजमा

पणजीतल्या एका मोठ्या किराणा दुकानात परदेशी मालाच्या फळीवर रिफ्राइड बीन्सचे, म्हणजे शिजवून, ठेचून परतलेल्या मेक्सिकन बीन्सचे, डबे दिसले आणि मुलीच्या हट्टाखातर मी दोन उचलले. डब्यात साडेचारशे ग्रॅमच्या आसपास माल, किंमत सव्वातीनशे रुपये. घटकांच्या यादीत शिजवलेले पिंटो बीन्स, पाणी, वनस्पती तेल, मीठ आणि कांदा, लसूण व मिरची यांच्या पुडी, एवढेच होते.

डबा ताटलीत उपडा केला तेव्हा आतला गोळा डब्याच्या वळ्यांसकट सबंध उतरला आणि तसाच उभा राहिला. गरम करून चाखल्यावर आधी मीठ लागले, मग कांद्याची पूड, आणि बीन्सची चव शोधावी लागली. डब्याच्या बाजूने एवढे सांगायला हवे की दाणे पूर्ण शिजलेले होते, कुठेही साल दाताखाली आली नाही आणि पाच मिनिटांत पानात वाढता आले. तरीही पाचांपैकी दोनच गुण देईन, कारण या पदार्थात जे चवीचे म्हणून असते ते डब्यात येतच नाही, हे नंतर घरी करून पाहिल्यावर कळले.

मेक्सिकोत याला ‘फ्रिखोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. त्यातल्या ‘रे’चा अर्थ ‘पुन्हा’ नसून ‘चांगले, भरपूर’ असा आहे. बीन्स आधी शिजवतात आणि मग एकदाच, पण मनापासून परततात. पिंटो म्हटल्यावर गोव्यात आधी शेजारचे त्या आडनावाचे कुटुंब आठवते, पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ठिपक्यांचा, रंगवलेला असा होतो, आणि आपल्याकडचा तांबूस ठिपक्यांचा राजमा ज्या नावाने विकला जातो ते ‘चित्रा’ही तेच सांगते. दोन्ही एकाच जातीची कडधान्ये असल्यामुळे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पाव किलो चित्रा आणला. अळसांद्यांचाही, म्हणजे गोव्यातल्या मोठ्या चवळीचाही, एकदा प्रयोग केला होता, परंतु त्यांचा गोडसरपणा टोणाकातच, म्हणजे आमच्या खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्शातच, शोभतो.

राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले आणि नव्या पाण्यात अर्धा कांदा, लसणीच्या दोन पाकळ्या व एक तमालपत्र घालून कुकरला लावला. एक शिटी झाल्यावर आच मंद करून वीस मिनिटे ठेवला. राजमा सणसणीत उकळलाच पाहिजे, कारण कच्च्या दाण्यातले पोट बिघडवणारे द्रव्य 100 अंश तापमानाला किमान 10 मिनिटे उकळल्याशिवाय नष्ट होत नाही, आणि मंद तापमानाच्या विजेच्या भांड्यात तेवढी उष्णता होईलच याची खात्री नसते. दाणा बोटांत धरल्यावर लोण्यासारखा दबला, तेव्हा पाणी गाळून वेगळे ठेवले. हे शिजवलेले पाणी कधीही ओतून देऊ नये. राजम्याची निम्मी चव त्यात उतरलेली असते, आणि डब्यात नेमके तेच हरवलेले असते.

दुसरी गोष्ट स्निग्धाची. मूळ पदार्थ डुकराच्या चरबीत करतात. आमच्या शेजारणीने सुचवले म्हणून एकदा चोरीसचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचे, दोन मणी फोडून मंद आचेवर ठेवले आणि सुटलेल्या लाल तुपात राजमा परतला. व्हिनेगर, लसूण आणि मिरची त्या तुपात आधीच मुरलेली असल्यामुळे वेगळा मसाला लागलाच नाही. ज्यांच्या घरी फेजोआदा, म्हणजे बीन्स आणि डुकराच्या मांसाचा रस्सा, होतो त्यांना ही चव परकी वाटणार नाही. शाकाहारी पानासाठी शेंगदाण्याचे तेल आणि शेवटी चमचाभर साजूक तूप चांगले. खोबरेल तेल मात्र वापरू नये, कारण मग नाव काहीही द्या, घरात वास टोणाकाचाच येतो.

परतताना घाई चालत नाही. बारीक कांदा कडा तपकिरी होईपर्यंत, साधारण बारा मिनिटे, परतल्यावर ठेचलेली लसूण, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काणकोणची खोला मिरची घातली. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मिरचीचा रंग भडक असला, तरी तिखटपणा बेताचा असतो. मग राजमा घालून पावभाजीच्या मॅशरने कढईतच ठेचला आणि बाजूला ठेवलेले पाणी पळीपळीने घालत राहिलो. मिक्सरला लावल्यास त्याची खळ होते. तिसरा हिस्सा दाणे अर्धवट राहिले तरच तोंडात काही लागते. कालथा कढईच्या तळावरून ओढल्यावर मागे वाट दिसली आणि ती सावकाश भरून आली, की आच बंद करावी. पदार्थ निवल्यावर घट्ट होतो, म्हणून थोडा सैलच ठेवावा आणि वरून लिंबू पिळावे.

पाव किलो राजम्यात डब्याहून जास्तच ऐवज झाला, चौघांना पुरून उरला. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेली पोई, म्हणजे कोंड्याचा गोवन पाव, चिरून, आत हे सारण आणि किसलेले चीज भरून तव्यावर दाबली. मेक्सिकोतही पाव चिरून वर बीन्स आणि चीज घालतात व त्याला ‘मोयेते’ म्हणतात. पोईच्या कोंड्याला राजमा फार चांगला धरतो.

उरलेला दुसरा डबा वाया घालवला नाही. कांदा-लसूण वरीलप्रमाणे परतून त्यात तो गोळा फोडला, गरम पाण्याने सैल केला आणि लिंबू पिळले. मीठ अर्थातच घातले नाही. एवढ्याने गुण अडीचपर्यंत गेले, पण कांदा परतायची बारा मिनिटे त्यालाही लागलीच.