साधा मल्टिमीटर घ्यावा की क्लॅम्प मीटर? (दोन्ही वापरून आणि एक जाळून झाल्यावर)

परवा मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, मीटर घ्यायचाय, साधा मल्टिमीटर घेऊ का तो चिमट्यावाला?" अर्धा तास बोललो तरी विषय संपेना, म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो, अजून कुणाला उपयोग झाला तर झाला. मी वायरमन नाही. घरातली बारीकसारीक कामं आणि मळ्यातली मोटार एवढंच माझं क्षेत्र, तेव्हा त्या बेतानंच घ्या.

व्होल्ट, ओहम, कंटिन्युइटीची (वायर अखंड आहे का सांगणारी) बीप हे दोन्हीत असतं, त्यावर वेळ घालवत नाही. फरक पडतो करंट मोजताना. मल्टिमीटरनं करंट बघायचा म्हणजे सर्किट तोडून मीटर मधे घालायचा, आणि त्यासाठी लाल लीड, म्हणजे मीटरची लाल वायर, नेहमीच्या भोकातून काढून १० अँपिअरच्या भोकात लावायची. क्लॅम्पला यातलं काहीच नाही, जबडा उघडला, वायर आत घेतली, आकडा वाचला.

आता ही लीड काढायची आणि परत जागेवर लावायची, यात काय मोठंसं? इथंच तर माझं घोडं पेंड खात होतं.

पहिला मीटर आपला सगळ्यांचा तो पिवळा डीटी-८३०, दोन-अडीचशे रुपयेवाला. एका रविवारी गेटवरच्या कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर किती करंट देतोय ते बघितलं, लाल लीड १० अँपिअरच्या भोकात. काम झालं, मीटर तसाच टेबलावर. संध्याकाळी बायको म्हणाली मिक्सर चालत नाही, सॉकेटमधे लाईट येतीय का बघा. मी नॉब बरोबर फिरवला, एसी ७५० वर, कारण २०० च्या रेंजवर २३० मोजायचे नाहीत एवढी अक्कल होती, आणि प्रोब, म्हणजे लीडची टोकदार टोकं, सॉकेटमधे घातले. फाट्कन आवाज, डोळ्यापुढं निळा उजेड, किचनचा एमसीबी खाली. प्रोबचं टोक वितळून गोळी झालं होतं आणि स्विचबोर्डच्या पांढऱ्या प्लेटवर काळा पट्टा उमटला तो आजही आहे, बायको पुसू देत नाही, म्हणते राहू दे आठवण.

नॉब बरोबर असून असं का झालं? तर ते १० अँपिअरचं भोक आणि काळ्या लीडचं कॉमन भोक यांच्यात आत नुसता एक जाड तारेचा तुकडा असतो, त्याला नॉबशी काही देणंघेणं नाही. नॉब व्होल्टवर ठेवा नाहीतर ऑफला ठेवा, लीड त्या भोकात असली की तुम्ही फेज आणि न्यूट्रल सरळ तारेनं जोडताय. माझ्या मीटरवर तर भोकाशेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' छापलेलंच होतं, मी ते कधी वाचलं नव्हतं. नशीब की मधे एमसीबी होता. हेच मळ्यात स्टार्टरच्या पेटीत केलं असतं, जिथं मागं नुसते तार घालायचे किटकॅट फ्यूज, त्यातही कुणीतरी जाड तार घातलेली आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) हाकेच्या अंतरावर, तर हे लिहायला बसलो असतो का माहीत नाही.

मग दुसरा मीटर चांगला घेतला, ऑटोरेंज (रेंज आपणहून निवडणारा), कॅट ३ ६०० व्होल्टवाला, १० अँपिअरलाही आत नीट फ्यूज. (कॅट म्हणजे मांजर नव्हे, मीटर कुठवर न्यायचा त्याची ती पायरी. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावायच्या वस्तू, कॅट ३ म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, घरातलं पक्कं वायरिंग, स्टार्टर, आणि कॅट ४ म्हणजे वीज कंपनीच्या मीटरपाशी, सर्व्हिस वायरपाशी. डीपीच्या जितकं जवळ तितका शॉर्ट झाल्यावर धमाका मोठा. ६०० व्होल्टचा कॅट २ मीटर ४००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसेल असा टेस्ट करतात, कॅट ३ ला ६०००, आणि त्यामागून येणारा करंटही कितीतरी जास्त धरलेला असतो.) हा मीटर खरंच छान होता, अजून आहे. पण दीड वर्षात तीच चूक परत केली. यावेळी आवाज नाही, ठिणगी नाही, गुपचूप आतला फ्यूज गेला. म्हणजे मीटरनं त्याचं काम चोख केलं. पण तो फ्यूज काचेचा दहा रुपयेवाला नाही, वाळू भरलेला हाय रप्चरिंग, म्हणजे मोठा शॉर्टही आतल्या आत विझवणारा, तालुक्याला मिळेना, ऑनलाइन बघितला तर त्या पैशात दोन पिवळे मीटर आले असते. दुकानदार म्हणाला तार टाकून देऊ का. मी नको म्हटलं, पण खरं सांगतो, क्षणभर मोह झाला होता. आणि तार टाकली की कॅट ३ चा शिक्का गेला गटारात, मीटर परत पिवळाच.

तेव्हा डोक्यात आलं की मी विसरणारच. प्रश्न मीटरच्या क्वालिटीचा नव्हता, माझ्या सवयीचा होता, आणि पन्नाशीत सवय बदलण्यापेक्षा मीटर बदलणं स्वस्त पडतं. काही महागड्या मल्टिमीटरना लीड चुकीच्या भोकात असली की बोंब मारायची सोय असते, फ्लूकच्या ८७ ला आहे, पण तेवढं बजेट कुणाचं.

बहुतेक क्लॅम्प मीटरना भोकं दोनच, काळं आणि लाल. चुकायला तिसरं भोकच नाही. माझा कौल खरं म्हणजे इथंच लागला, बाकी सगळं नंतरचं बोनस.

बोनस पण बारका नाही म्हणा. गीझरला पाणी कोमट येतंय, तर बाथरूममधे ओल्या पायानं खोलाखोली कशाला, बोर्डातल्या त्याच्या एकट्या फेजच्या वायरीला चिमटा लावला, २००० वॅटच्या गीझरला साडेआठच्या आसपास अँपिअर दिसले तर कॉइल ठीक आहे, थर्मोस्टॅट लवकर कट होतोय. मोटारीचा किस्सा तर याहून भारी. रात्रीची थ्री फेज लाईट, मोटार घूं करतीय, पाणी कमी. मल्टिमीटरनं मोटारीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघितलं तर तिन्ही फेज बऱ्यापैकी दिसले, कारण एक फेज गेला तरी फिरती मोटार स्वतःच त्या मोकळ्या टोकावर व्होल्टेज तयार करते. चिमटा लावला तर दोन वायरींना पंधरा पंधरा अँपिअर आणि तिसरीला शून्य, एरवी तिन्हीला नऊच्या आसपास असतात. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटार बंद करणारा, कुणीतरी फिरवून वर करून ठेवलेला, तो पडायला तयार नाही. अजून तासभर चालली असती तर वाइंडिंगचं बिल आलं असतं.

आता क्लॅम्पच्या उणिवा, नाहीतर म्हणाल हा जाहिरात करतोय. पहिल्या दिवशी मी मिक्सरची अख्खी केबल जबड्यात धरली आणि शून्य आलं म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले की जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला खाऊन टाकतात, वायर एकटी धरावी लागते. त्यासाठी मी एका एक्स्टेन्शन बोर्डाच्या केबलचं बाहेरचं कव्हर वीतभर काढून आतली फेजची वायर वेगळी केलीय, तिचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत ठेवून. दुसरं, कमी करंटला हा आंधळा, मोबाइल चार्जर लावा नाहीतर काढा, आकडा तोच. त्यावर उपाय म्हणजे वायरीचे जबड्यात पाच वेढे घ्यायचे आणि आकड्याला पाचानं भागायचं. तिसरं, स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प करंट फक्त एसीच मोजतात, सोलर पॅनेल किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचा करंट बघायचा असेल तर डीसी लिहिलेला बघून घ्या, पैसे थोडे जास्त जातील. आणि गच्च भरलेल्या बोर्डात जाड जबडा घुसत नाही, तिथं चिडचिड होते.

पीसीबी रिपेअर, एलईडी, मिलिअँपिअरमधली कामं असतील तर अर्थात मल्टिमीटरच, तिथं क्लॅम्पचा विचारही करू नका. नाशिकच्याच रिशभ, मोटवाने यांचे मीटर आहेत, बघायला हरकत नाही.

काही गोष्टी मात्र कुठलाही मीटर घेतला तरी चुकत नाहीत. लाईट गेलीय का बघताना आधी चालू सॉकेटवर मीटर तपासा, मग कामाची वायर, मग परत चालू सॉकेट, कारण मधेच लीड तुटली तर मीटर शून्यच दाखवतो आणि तुम्ही खुशाल हात घालता. काळा प्रोब आधी टेकवायचा, काढताना लाल आधी. ओहम आणि बीप फक्त लाईट बंद करून. बंद वायरीवर ६०-७० व्होल्ट दिसले तर ते बहुतेक शेजारच्या वायरीनं चढवलेलं भुताचं व्होल्टेज असतं, लो-झेड मोड (यात मीटर स्वतः थोडा करंट ओढतो) असेल तर त्यावर टाकलं की पळून जातं, पण खात्री होईपर्यंत वायर चालूच आहे असं धरा. आणि मायक्रोवेव्ह उघडून आतलं मोजायला जाऊ नका, तिथं २००० व्होल्टच्या आसपास असतात आणि आपला कुठलाच मीटर त्यासाठी नाही.

लीडबद्दल एक. मीटर कॅट ३ आणि लीड लोकल असं चालत नाही, दोन्हीतला जो कमी तोच धरायचा. चांगल्या प्रोबला टोकाला टोपी असते, तिच्याबाहेर ४ मिलिमीटरच धातू उघडा राहतो. बोर्डात, स्टार्टरमधे ती टोपी लावूनच काम करा, म्हणजे प्रोब घसरला तरी दोन फेज एकत्र टेकत नाहीत. आपल्या सॉकेटमधे टोपीसकट टोक पोचत नाही म्हणून काढावी लागते, आणि माझी एक टोपी तशीच काढली ती हरवली.

मेव्हण्याला म्हटलं, तुझं काम घर, गीझर आणि बोअरची मोटार, तर मला वाटतं तू क्लॅम्प घे, दीड-दोन हजारात कॅट ३ ६०० लिहिलेला बरा मिळतो, पण शेवटी पैसे तुझे. तर म्हणाला, आणि रिमोटचे सेल, गाडीची बॅटरी बघायला तुमचा तो पिवळा द्या की. जळाला त्यानंतर सवयीनं आणखी एक घेतला होता, तो ड्रॉवरमधे आहेच. ने म्हटलं. फक्त त्याच्या १० अँपिअरच्या भोकात मी एम-सील भरून ठेवलंय, ते उकरायचं नाही, आणि ९ व्होल्टची बॅटरी तुझी तू आण.