जुनी हिमवाहने टपाल तिकिटांवर ओळखताना: कॅनडाची मिनिएचर शीट की अंटार्क्टिकाची तिकिटे?

हिमवाहनांचा विषय घेऊन तिकिटे जमवू पाहणाऱ्यासमोर प्रामुख्याने तीन पर्याय येतात: कॅनडाने 1995 मध्ये काढलेली शेती आणि सीमाप्रदेशातील वाहनांची मिनिएचर शीट (एकाच छोट्या कागदावर छापलेली अनेक तिकिटे), ब्रिटिश अंटार्क्टिक प्रदेशाचा 1963 चा संच आणि न्यूझीलंडच्या रॉस डिपेंडन्सी या अंटार्क्टिकातील प्रदेशाचा 2007 चा संच. निवड करताना तिकिटाच्या सौंदर्यापेक्षा चित्रात वाहनाचा खालचा भाग किती स्पष्ट दिसतो हे पाहावे, कारण या यंत्रांची ओळख केबिनवरून क्वचितच पटते. ती पटते पुढच्या स्की (बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या) आणि खालचे, रणगाड्याला असतात तसे फिरते पट्टे यांवरून.

नवशिक्यासाठी कॅनडाची शीट सर्वांत सोपी आहे. तिच्यातील सहा तिकिटांपैकी तीन हिमवाहनांची असून कॅटलॉगमध्ये त्यांचे मॉडेल आणि वर्ष दोन्ही दिलेले असते. 1948 चे बोम्बार्डिये बी-12 गोलसर बांध्याचे असून त्याला जहाजासारख्या वर्तुळाकार खिडक्या, पुढे स्की आणि मागे पट्टे आहेत. 1970 च्या स्की-डू ऑलिंपिकलाही पुढे दोन स्की आहेत, पण ते उघडे, लहान आणि एकाच पट्ट्यावर धावणारे वाहन आहे. रॉबिन-नॉडवेल 110 ला स्की नाहीत. दोन रुंद पट्ट्यांवर पुढे केबिन आणि मागे सामानाचा सपाट भाग अशी त्याची रचना आहे. उरलेली तीन तिकिटे शेतीच्या यंत्रांची आणि मालमोटारीची आहेत, म्हणजे निम्मा पैसा विषयाबाहेर जातो, हे मात्र मान्य करावे लागते.

अंटार्क्टिकाच्या तिकिटांना इतिहासाचे वजन आहे. 1963 च्या पंधरा तिकिटांच्या संचात दीड पेन्सावर मस्केग ट्रॅक्टर आणि पाच शिलिंगांवर स्नो-कॅट आहे. ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांच्या 1957-58 च्या अंटार्क्टिका मोहिमेत ही दोन्ही यंत्रे होती. मात्र 99 दिवसांत सुमारे 3,473 किलोमीटर खंड ओलांडून न्यूझीलंडच्या स्कॉट तळावर पोहोचल्या त्या फक्त चार स्नो-कॅट, बाकीची वाहने वाटेतच सोडून द्यावी लागली. स्नो-कॅट ओळखणे सोपे आहे, कारण तिचे पट्टे खाटेच्या पायांसारखे चार कोपऱ्यांत वेगवेगळे असतात आणि मध्ये मोकळी जागा दिसते; मस्केगला मात्र दोन्ही बाजूंना एकेकच लांब पट्टा असतो. पूर्ण संच घेण्याऐवजी ही दोन तिकिटे सुटी घ्यावीत, असे माझे मत आहे, कारण उरलेल्या तेरांपैकी बहुतेकांवर जहाजे, विमाने आणि कुत्रे आहेत. दशमान चलनासाठी 1971 मध्ये याच तिकिटांवर नव्या किमती छापल्या गेल्या. त्या छाप्याने चित्राचा काही भाग झाकला जातो, म्हणून अभ्यासासाठी मूळ तिकीटच बरे.

रॉस डिपेंडन्सीच्या 2007 च्या संचात स्नो-कॅटबरोबर फर्ग्युसन टीई-20 ट्रॅक्टरही आहे, आणि तेच या संचाचे खरे आकर्षण. हा मुळात साधा शेती ट्रॅक्टर होता. त्याच्या चाकांभोवती पट्टे चढवून एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. पट्ट्यांच्या आत चाके दिसली, तर वाहन फर्ग्युसनच असण्याचा संभव मोठा आहे.

ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक प्रदेशाच्या 1959 च्या तिकिटावर, मूळ सात पेन्सावर आठ पेन्स छापलेल्या, दुसऱ्या महायुद्धातील स्टुडबेकर वीझल आहे. बसका, पेटीसारखा सांगाडा आणि दोन पूर्ण लांबीचे पट्टे ही तिची खूण. परंतु त्या चित्रात माणसेही असल्याने ते चौथ्या क्रमांकावर ठेवावे.

भारताच्या अंटार्क्टिका तळावरील टपाल गोवा विभागाच्या अखत्यारीत असल्याने आपल्याकडील काही संग्राहकांना ध्रुवीय शिक्क्यांची गोडी असते. ती जरूर जोपासावी, पण वाहनांच्या या संग्रहात कोरी किंवा हलक्या शिक्क्याचीच तिकिटे घ्यावीत, कारण जाड शिक्का पट्ट्यांवर पडला की चार पट्टे आणि दोन पट्टे यांतला फरक भिंगाखालीही कळत नाही.