अकरा वर्षे कमरेला: एकसंध पोलादी हातोडीविषयी

हातोडी कशी आहे हे पहिल्या वर्षात कळत नाही, म्हणून हा अभिप्राय अकरा वर्षांनी लिहीत आहे. डोके आणि दांडा एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली, एका अंगाला चौरस तोंड आणि दुसऱ्या अंगाला टोकदार चोच असलेली, २२ औंसांची म्हणजे सुमारे ६२५ ग्रॅमची म्हणून विकली जाणारी आणि ३३ सेंटीमीटर लांबीची ही भूवैज्ञानिकाची हातोडी मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतली. तेव्हा घरात आम्ही दोघेच होतो. आज मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि या हातोडीवर चौघांनीही आपापला हक्क सांगून झाला आहे. अशा एकसंध घडणीची हातोडी म्हटले की अमेरिकेतील रॉकफर्ड येथील, १९२३ साली सुरू झालेल्या एस्टविंग कंपनीचे नाव पुढे येते. माझी हातोडी तिची नाही. ती दुसऱ्या एका उत्पादकाची आहे, आणि पुढे तक्रारीही लिहायच्या असल्याने त्याचे नाव देत नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांना वाटते की आम्ही खडक फोडतो तो नमुने गोळा करण्यासाठी. ते अर्धेच खरे आहे. उघड्यावर पडलेल्या खडकाची कातडी ऊन, पाणी आणि हवा यांनी बदललेली असते. त्यातील लोहयुक्त खनिजे गंजून तपकिरी होतात, फेल्डस्पारची चकाकी जाऊन त्याची माती होऊ लागते आणि शेजारी शेजारी उभे असलेले दोन अगदी वेगळे खडक वरून सारखेच मळकट दिसतात. दहापट भिंग डोळ्याला लावण्यापूर्वी एक ताजा, न बदललेला पृष्ठभाग हवा असतो आणि तो मिळवून देणे हे हातोडीचे पहिले काम आहे. या कामात माझी हातोडी उत्तम आहे. चौरस तोंडाच्या कडा अकरा वर्षांत गोलसर झाल्या आहेत, पण तोंडाचा कपचा एकदाही उडालेला नाही. ज्या हातोड्यांचे डोके वेगळे असते त्यांत ते सैल होण्याची जी भीती असते ती इथे मुळातच नाही.

दुसरे काम मोजमापाचे आहे आणि विकत घेताना त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. खडक यांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने खडकाच्या बळाच्या ज्या श्रेणी सुचवल्या आहेत, त्यांतील बऱ्याच श्रेणी हातोडीच्या घावांवरच ठरतात. चोचीच्या ठाम घावाने नमुन्याचा भुगा झाला तर तो आर-१, म्हणजे दाब सोसण्याचे बळ १ ते ५ मेगापास्कल. एका ठाम घावात फुटला तर आर-३, म्हणजे २५ ते ५०. एकाहून अधिक घाव लागले तर आर-४ आणि पुष्कळ घाव लागले तर आर-५. नुसत्या कपच्या उडाल्या आणि नमुना तसाच राहिला तर तो आर-६, ज्याचे बळ २५० मेगापास्कलच्या वर असते. बोगद्याच्या किंवा धरणाच्या जागेची पहिली पाहणी करताना या नोंदी वहीत उतरतात, आणि त्या नोंदींना अर्थ राहावा म्हणून हातोडी वर्षानुवर्षे तीच असणे फार सोयीचे पडते. ठाम घाव म्हणजे किती, हे मनगटाला ठाऊक असते. मध्यंतरी एका मोहिमेत सहकाऱ्याची जड हातोडी दोन दिवस वापरली, तेव्हा माझ्या नोंदी एका श्रेणीने खाली घसरल्या आणि त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या. घावाबरोबर आवाजही ऐकावा लागतो. ताज्या, टणक खडकावर ही हातोडी खणखणते, आणि आतून कुजलेल्या किंवा भेग गेलेल्या खडकावर बद्द वाजते. लाकडी दांड्याच्या हातोडीत हा फरक मला इतका स्पष्ट कधी जाणवला नाही.

पण जो पोलादी दांडा आवाज हातापर्यंत पोहोचवतो, तोच धक्काही पोहोचवतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे. मुठीवर जाड रबरी आवरण आहे, ते धक्का शोषते असे वेष्टनावर लिहिलेले होते, आणि मऊ वाळूच्या खडकावर किंवा शेलवर काम असेल तोवर ते पटतेही. क्वार्ट्झाइटसारख्या अतिशय टणक खडकावर दिवसभर काम केले की ते पटत नाही. सातव्या वर्षी उजवा कोपर दुखू लागला, चहाचा कप उचलतानाही कळ येऊ लागली, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे हातोडी धरायची नाही असे सांगितले. दोष एकट्या हातोडीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण मी तिला तिच्या आवाक्याबाहेरच्या कामाला लावत होतो. तसल्या खडकासाठी लांब दांड्याची, अधिक वजनाची हातोडी लागते, जिच्यात बळ झोक्यातून येते आणि मनगट सुटते. दुसरी गोष्ट आवरणाची. नवव्या वर्षी ते अंगठ्याखाली फाटले आणि तेव्हा लक्षात आले की ते बदलून मिळण्याची काहीही सोय नाही. लाकडी दांडा मोडला तर नवा बसवता येतो. इथे पोलाद जन्मभर टिकणार आणि मूठ मात्र दहा वर्षांत जाणार, असा विचित्र हिशेब आहे. सध्या त्यावर सायकलच्या हँडलला गुंडाळतात ती पट्टी गुंडाळली आहे. ती ओली झाली की घसरते.

होकायंत्राच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. डेव्हिड ब्रंटन यांनी १८९४ साली ज्याचे एकस्व (पेटंट) घेतले ते खिशात मावणारे होकायंत्र आणि त्याचे आजचे भाऊबंद चुंबकसुईवरच चालतात, आणि एवढा मोठा पोलादी तुकडा कमरेला असताना सुई मुकाट्याने फिरते. थर कोणत्या दिशेला पसरले आहेत हे मोजताना हातोडी काढून काही पावले दूर ठेवायची, ही सवय मी पहिल्या वर्षी एक संपूर्ण दिवस वाया घालवून लावून घेतली. त्या दिवशीच्या नकाशात एकाच टेकडीवरचे थर दर दोनशे मीटरांवर दिशा बदलत होते आणि संध्याकाळपर्यंत मी त्यातून एक सुंदर वळी, म्हणजे थर दुमडून झालेली घडी, निर्माण केली होती. प्रत्यक्षात तिथे वळी नव्हती, माझी हातोडी होती.

पण दूर ठेवलेली हातोडी विसरते. म्हणून आवरणाचा रंग हा मला गुणदोषांच्या यादीत फार वरचा मुद्दा वाटतो. माझ्या हातोडीची मूठ भडक नारिंगी आहे. घेताना तो रंग मला पोरकट वाटला होता. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत सगळे डोंगरावर गेलो असताना सुट्या दगडांच्या उतारावर ती पट्ट्यातून निसटली. सोबत मिळणारी म्यान ही नुसती एक चामडी कडी आहे, तिला वरून बंद नाही, आणि उतारावर बसून घसरत खाली यायचे म्हटले की हातोडी आपोआप वर सरकते. मला हे तळाशी पोहोचल्यावर कळले. पाऊण तास आम्ही चौघे उतार विंचरत होतो. शेवटी मुलगीच दोन शिळांच्या फटीपाशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, इथे एक नारिंगी खनिज आहे." ती म्यान मी त्याच आठवड्यात काढून टाकली आणि बटणाची पट्टी असलेली वेगळी घेतली. हातोडी घेणाऱ्याने म्यानेचा खर्च वेगळा धरावा.

घरातल्या इतर उपयोगांविषयीही लिहायला हवे, कारण आमच्या घरी तिचे निम्मे आयुष्य त्यातच जाते. तंबूच्या खुंट्या ठोकायला ती चांगली आणि उपटायला त्याहून चांगली आहे, कारण चोच खुंटीच्या आकड्यात नेमकी अडकते. फोटोत मापासाठी ठेवायला तिची लांबी सोयीची आहे. आमच्या सहलींच्या जुन्या फोटोंत मुलांच्या शेजारी ती इतक्या वेळा आहे की दोघांची उंची हातोड्यांत सांगता येते. पत्नीने मात्र एक नियम घातला आहे: सुट्टीच्या दिवशी रस्त्याकडेच्या कड्यापाशी गाडी एकदाच थांबेल आणि परत येताना दगड पाचच असतील. मुठीहून थोडा मोठा ग्रॅनाइटचा नमुना पाऊण किलोच्या पुढे जातो, तेव्हा हा नियम मला अन्यायाचा वाटत नाही. विमानाने जाताना ती हातातल्या सामानात चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुलाने तिची जी परीक्षा घेतली ती मी स्वतः कधी घेतली नसती. मोहस यांची काठिण्यश्रेणी मी त्याला समजावून सांगितली होती, की क्वार्ट्झ सातवर आणि पोलाद त्याच्या खाली, आणि जे कठीण ते मऊवर ओरखडा काढते. दुसऱ्या दिवशी हातोडीच्या मानेवर, जिथे पोलाद गुळगुळीत आणि चकचकीत होते, तिथे त्याच्या नावाचे पहिले अक्षर कोरलेले सापडले. शेजारी क्वार्ट्झचा खडा नीट ठेवलेला होता. मी बोट फिरवून पाहिले. तो ओरखडाच होता, बोटाने पुसला जाणारा दगडाचा भुगा नव्हता. प्रयोग निर्दोष होता, त्यामुळे रागावता आले नाही. त्या अक्षरात समुद्रकाठच्या कामानंतर गंज धरतो आणि तेलाचा बोळा फिरवावा लागतो. इतरत्रही रंग उडालेल्या जागी ती गंजते, पण वरवर.

सुरक्षेबाबत उत्पादकाने दिलेला कागद तोकडा आहे. दोन हातोड्या एकमेकींवर आपटू नयेत, किंवा एकीची चोच खडकावर टेकवून दुसरीने तिच्यावर ठोकू नये, हे त्यात ठळकपणे असायला हवे होते, कारण कठीण केलेल्या पोलादाचा तुकडा गोळीसारखा उडतो. घाव घालताना डोळ्यांवर गॉगल हवाच. मुले जवळ असतील तर तो त्यांच्याही डोळ्यांवर हवा. चर्टसारख्या शंखाभ भंजनाच्या, म्हणजे शिंपल्यासारख्या वळणदार पृष्ठांवर फुटणाऱ्या, खडकाचे कपचे पात्यासारखे धारदार असतात आणि ते कोणत्या दिशेला जातील हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. मी सपाट पाठीवर कधीच मारत नाही. आधीच सुटून पडलेला तुकडा शोधतो, त्याची एखादी कड हेरतो, आणि तोंड कडेपासून थोडे आत पडेल असा, अंगापासून दूर जाणारा घाव घालतो. कड्यावरचा सुंदर जीवाश्म किंवा वळी फोडण्यासाठी कोणतीच हातोडी चांगली नसते. मुलीने एकदा मला अशा ठिकाणी हात उचलताना पाहून विचारले होते, "बाबा, हा इथेच राहिला तर चालणार नाही का?" त्या दिवशी फोटोवर काम भागले.

प्रामुख्याने गाळाच्या, थरांच्या खडकांत काम असेल तर हीच हातोडी चोचीऐवजी छिन्नीसारख्या चपट्या धारेची घ्यावी, कारण थर उचकटायला ती बरी पडते. अग्निज आणि रूपांतरित खडकांसाठी चोचच हवी. मनगट बारीक असेल तर २२ औंसांच्या मोहात न पडता एक पायरी खाली यावे. मला विचाराल तर मी पुन्हा हीच घेईन, मात्र क्वार्ट्झाइटसाठी लांब दांड्याची वेगळी ठेवीन, जी आता ठेवलीही आहे. मुलीसाठी याच घडणीची १४ औंसांची मागवली आहे. तिने मूठ निळी निवडली होती. मी ती बदलून नारिंगी केली आणि ते अजून तिला सांगितलेले नाही.