कवितेची ओळ कुठे मोडायची: एंटर की शिफ्ट-एंटर?

छापील कवितासंग्रहासोबत ईपबही (फोन-संगणकावर वाचायचं ई-पुस्तक) काढायचं मनात असेल, तर लातूर-नांदेडच्या कुठल्याही डीटीपीवाल्याला (संगणकावर पानं जुळवणाऱ्याला) सांगण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. ओळ संपली की त्याने एंटर मारायचा की शिफ्ट-एंटर? स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्या अंध वाचकापर्यंत तुमची कविता कशी पोचेल, ते बरंचसं यावर ठरतं.

एंटर मारला की नवा परिच्छेद सुरू होतो आणि ईपबमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्र पी टॅगमध्ये (परिच्छेदाच्या खुणेत) जाते. शिफ्ट-एंटर मारला तर परिच्छेद तोच राहतो, फक्त ओळ तुटते; त्याचा बीआर टॅग (ओळ तोडण्याची खूण) होतो. परिच्छेदांमधलं अंतर नीट लावलं की डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे प्रूफ तपासणाऱ्याच्या हा फरक ध्यानातही येत नाही.

नमुन्यासाठी या दोन ओळी रचल्या आहेत:

पाऊस आला
नाही म्हणत ढग गेले

'आला'नंतरचा थांबा गेला की कानावर पडतं, 'पाऊस आला नाही, म्हणत ढग गेले'. आलेला पाऊस आलाच नाही! मराठवाड्यात तरी ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

एंटरच्या पद्धतीत हा धोका नाही. मोबाईलवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून बोट सरकवलं की एक ओळ, पुन्हा सरकवलं की दुसरी. पण कडवं कुठे संपलं ते कळत नाही, कारण मधली मोकळी जागा स्टाईलने दिलेली असते आणि ती वाचली जात नाही. कुणी मग कडव्यांमध्ये रिकामे एंटर मारतात. ते काही ॲप गाळतात, काही तिथे उगाच अडखळतात. शिवाय साठ ओळींच्या कवितेला साठ वेळा बोट सरकवायचं!

शिफ्ट-एंटरमध्ये कडवं एकसंध राहतं. संगणकावर एनव्हीडीए (विंडोजवरचा स्क्रीन रीडर) वापरणाऱ्याला खालच्या बाणाने ओळीओळीनेच जाता येतं, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. फोनवर मात्र पुष्कळदा अख्खं कडवं एका दमात वाचलं जातं आणि ओळीच्या टोकाला आवाज थांबेल की नाही हे ॲपवर आणि त्यातल्या संगणकी आवाजावर अवलंबून. वरच्या दोन ओळी नेमक्या इथेच फसतात.

म्हणून माझं मत कवितेच्या जातीप्रमाणे बदलतं. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग काढायचे असतील तर बेलाशक शिफ्ट-एंटर. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण असतात. ते दंडाने (।) तोडलेले असले की थांबा मजकुरातच येतो, कारण मराठी आवाज सहसा दंडाला पूर्णविरामासारखा मान देतात. अट एवढीच की दंड खरा हवा. कळफलकावर सापडत नाही म्हणून उभी रेघ किंवा इंग्रजी कॅपिटल आय ठोकलेल्या फाईली सर्रास दिसतात. त्या रेघेवर आवाज थांबेलच असं नाही आणि आय तर चक्क 'आय' म्हणून वाचला जातो. भर अभंगात 'आय'!

मुक्तछंद असेल तर एंटर. तिथे विरामचिन्हं नसतात, ओळ तोडणं हाच विराम. कडव्यांचा अंदाज थोडा जातो, तो मी सोसेन. ओळ गेलेली सोसणार नाही.

तिसरा प्रकार काही डिझायनर सुचवतात: ओळी स्पॅनमध्ये (मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या खुणेत) ठेवायच्या आणि सीएसएसने, म्हणजे स्टाईलच्या सूचनांनी, एकाखाली एक दाखवायच्या. ॲपने स्टाईल काढली की सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात, तेव्हा नको. स्पेसबार दाबून केलेली पायऱ्यांची मांडणीही एचटीएमएल (ईपबच्या आतली टॅगांची भाषा) गुंडाळून टाकतं. आणि पानाचा फोटो चिकटवलेला असेल तर स्क्रीन रीडरच्या हाती काहीच लागत नाही.

पण हे सगळं युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी पद्धत) फाईल असेल तरच. जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो आणि त्यात 'तऱ्हा'ची 'तर्हा' होऊ शकते. रफार आणि अर्धा ऱ प्रत्येक पानावर तपासा. सोबत पुस्तकाची भाषा मराठी अशी नोंदवायला लावा. नाहीतर हिंदी आवाज पुढे येतो, 'चांदणं'मधला च 'चहा'तल्यासारखा काढतो आणि शेवटचा अनुस्वार नाकात नेतो.

कवितेचं शीर्षक नुसतं ठळक करून भागत नाही, त्याला हेडिंगची स्टाईल द्यायला सांगा. मग एनव्हीडीएत एच दाबत कवितेवरून कवितेवर जाता येतं. ऐंशी कवितांच्या संग्रहात याचं मोल ओळींच्या वादाहून जास्त आहे.

पैसे चुकते करण्याआधी डीटीपीवाल्यासमोरच फोनवर टॉकबॅक चालू करा, स्क्रीन झाका आणि सगळ्यात लांब कविता शेवटपर्यंत ऐका.