नेरुळचा जुना सेट, नवीन खरेदी की मालवणात भाडं?

ऐरोलीहून भाचीचा फोन आला. "मामा, स्कूबाचा अख्खा सेट मिळतोय नेरुळला. रेग्युलेटर, बीसीडी, कॉम्प्युटर, मास्क, फिन्स, वेटसूट, शिवाय सिलिंडरसुद्धा. ते काका आखातात नोकरीला होते, तिकडे वापरायचे. बारा-तेराच डाइव्ह झालेत म्हणतात. घेऊन टाकू?" रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारा भाग, बीसीडी म्हणजे पाण्यात वरखाली होणं सांभाळणारं फुगणारं जॅकेट, आणि कॉम्प्युटर म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र. अंदमानात ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स करून तिला जेमतेम सहा महिने झालेत. मी म्हटलं, पैसे पाठवू नकोस, रविवारी दोघं जाऊन बघू.

ठाण्याहून पनवेल गाडी पकडली, ऐरोलीला ती चढली. नेरुळ येईपर्यंत मी तिला एकच विचारत होतो, वर्षात तू पाण्याखाली किती वेळा जाणार? जुनं घ्यावं की नवीन, यावर सगळे वाद घालतात आणि तिसरा पर्याय, म्हणजे भाड्याचा, हिशेबातच धरत नाहीत. आपल्याला घराजवळ डाइव्ह नाही. ठाण्याच्या खाडीत गाळामुळे हातभर अंतरावरचंही दिसत नाही. मालवण-तारकर्लीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात सगळं बंद. त्यापलीकडे मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, नाहीतर अंदमान. नोकरी सांभाळून वर्षाला आठ-दहा डाइव्ह झाले तरी पुष्कळ. सेंटरवाले बहुधा सामानासकट दर सांगतात. स्वतःचं सामान नेलं तर थोडे पैसे कमी होतात, पण सिलिंडर आणि वजनं त्यांचीच घ्यावी लागतात. म्हणजे भाडं वाचवून पैसे वसूल करायचे म्हटलं तर कित्येक वर्षं जातात.

मात्र भाड्याचं सामान हेही जुनंच सामान असतं. त्याची निगा दुसरा कोणी राखतो एवढाच फरक, आणि ती राखली जाते का हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. "या रेग्युलेटरची सर्व्हिसिंग कधी झाली?" या प्रश्नाला ज्या सेंटरवर नीट उत्तर मिळत नाही, तिथे मी पाण्यात उतरत नाही.

काकांनी सगळं सामान हॉलमध्ये चादरीवर मांडून ठेवलं होतं. माणूस सरळ, काही लपवणारा नव्हता. सगळ्यात आधी मी रेग्युलेटर उचलला, कारण जुन्या खरेदीत जिवाशी गाठ पडते ती इथे. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). सिलिंडरवर बसणारा भाग, फर्स्ट स्टेज, तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इथपर्यंत आणतो, आणि तोंडाशी असणारी सेकंड स्टेज आपल्याला श्वास घेता येईल इतका. १८ मीटर खाली एकूण दाब २.८ बार असतो. तिथे हे सगळं काम बोटाच्या पेरापेक्षा लहान व्हॉल्व्ह सीटवर आणि काही रुपयांच्या ओ-रिंगांवर, म्हणजे रबरी कड्यांवर, चाललेलं असतं.

विकणारा माणूस "फार वापरलाच नाही" हे मोठ्या कौतुकाने सांगतो. रेग्युलेटरच्या बाबतीत ते कौतुक नव्हे. रबर वापराने झिजतं तसं नुसतं पडूनही कडक होतं, सीटवर दाबाचा वळ उमटतो. आपल्या दमट हवेत माळ्यावर पाच पावसाळे काढलेला "कोरा" रेग्युलेटर आणि दर वर्षी सर्व्हिस होऊन शंभर डाइव्ह झालेला रेग्युलेटर, यांत मी डोळे झाकून दुसरा निवडेन.

सिलिंडर न जोडताही काही गोष्टी बघता येतात. फर्स्ट स्टेजची टोपी काढली की तोंडाशी धातूचा बारीक फिल्टर दिसतो. तो चकचकीत हवा. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय, तांबूस असेल तर कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरचा गंज आलाय. मग टोपी घट्ट लावून माउथपीसमधून हवा ओढायची. काहीच आलं नाही पाहिजे. हवा आली तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा श्वास सोडायचा व्हॉल्व्ह कुठेतरी गळतोय. होजवरची प्लॅस्टिकची नळी सरकवून खालचं रबर वाकवून बघायचं, भेगा तिथेच लपलेल्या असतात. शेवटी कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर टिपून घ्यायचा. कंपनीने ते मॉडेल दोषामुळे परत मागवलं होतं का, आणि त्याचं सर्व्हिस किट अजून मिळतं का, हे घरी येऊन तपासता येतं. किट मिळत नसेल तर तो फुकटातही घेऊ नये.

काकांच्या रेग्युलेटरचा फिल्टर हिरवा निघाला. सर्व्हिसिंगची शेवटची पावती २०१७ सालची होती. जुन्याच्या किमतीत पूर्ण सर्व्हिसिंग, नवीन होज आणि कुरिअर मिळवलं तर आकडा नवीन साध्या रेग्युलेटरच्या इतका जवळ जातो की फरकापोटी वॉरंटी सोडणं मला पटत नाही. सुटे भाग मोफत देण्याची काही कंपन्यांची योजना तर मूळ मालकापुरतीच असते. तेव्हा रेग्युलेटरबाबत माझं मत ठाम आहे. पहिली दोन वर्षं भाड्याने, मग नवीन. जुना घ्यायचाच तर ताजी पावती बघून, आणि पहिला डाइव्ह करण्याआधी तरीही एकदा सर्व्हिस करून.

बीसीडीचं तसं नाही. तिथे जुनं घेण्यात खरा फायदा आहे, कारण दोष घरबसल्या सापडतो. तोंडाने गच्च फुगवून रात्रभर ठेवायचं. सकाळी मऊ पडलं तर गळती आहे. कुठून ते बाथरूममधल्या पिंपात बुडवलं की बुडबुडे दाखवतात. हलवून ऐकायचं, आत मिठाचे खडे खुळखुळतात का. दोरी ओढून हवा सोडायचे सगळे डंप व्हॉल्व्ह उघडून-मिटून बघायचे. खरी भीती इन्फ्लेटरच्या, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या बटणाची. ते मिठाने अडकलं तर जॅकेट आपोआप फुगत जातं आणि माणूस वर फेकला जातो. सावकाश वर यायचं, मिनिटाला नऊ मीटरहून वेगाने नाही, हे आपण कोर्समध्ये शिकतो. इथे तो वेग आपल्या हातातच राहत नाही. म्हणून इन्फ्लेटर सिलिंडर जोडूनच तपासायचा, नाहीतर सरळ बदलून टाकायचा. भाग फारसा महाग नाही.

डाइव्ह कॉम्प्युटर नवशिक्याने नवीनच घ्यावा, आणि खरेदी करायची तर मास्कनंतर लगेच तोच. भाड्याने दर वेळी वेगळा हातात येतो, वाचायची सवय होत नाही. जुन्यात बॅटरीची पेटी हिरवी झालेली असते, काहींची बॅटरी सर्व्हिस सेंटरशिवाय बदलता येत नाही, आणि खोलीचा सेन्सर बरोबर दाखवतो की नाही हे हॉलमध्ये बसून कळत नाही. आपल्याला साधा, हवा आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) एवढंच सांभाळणारा पुरतो.

मास्कचं उत्तर एका ओळीत देता येतं. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हवा ओढायची, तो चिकटून राहिला तर तुमचा. भाचीला काकांचा बसला नाही. तो नवीनच घे म्हटलं. फिन्स जुन्या चालतात, पायाला बसल्या की झालं. वेटसूटही चालतो. त्याच्या रबरातले, म्हणजे निओप्रीनमधले, हवेचे फुगे दाबून दाबून चपटे होतात आणि ऊब कमी होते, पण मालवण-अंदमानच्या कोमट पाण्यात ३ मिलिमीटरच्या सूटला तेवढं माफ आहे. शिवण बघा, मापात तडजोड करू नका.

आणि सिलिंडर? काका तो जवळजवळ फुकट देत होते, भाचीचे डोळे चमकले. मी नाही म्हटलं. खांद्यावर दाबचाचणीचा महिना आणि साल कोरलेलं असतं, पुढच्या चाचणीची मुदत कधीच उलटून गेली होती. भारतात गॅस सिलिंडरचे नियम पेसो ही केंद्र सरकारची संस्था राबवते. तिची मान्यता नसलेला परदेशी सिलिंडर नियमाने कोणी भरू शकत नाही. भरायला श्वसनाच्या हवेचा कॉम्प्रेसर लागतो; टायरवाल्याच्या हवेत तेलाची वाफ असते आणि दाबही फार कमी. भरलेला घेऊन कोकणकन्येत बसता येत नाही, विमानातही नाही. जुन्या ॲल्युमिनियम सिलिंडरांची आणखी एक गोष्ट आहे. १९८० च्या दशकापर्यंत ६३५१ नावाच्या मिश्रधातूचे बरेच बनले. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून त्यांच्या मानेत तडे गेल्याचं आढळलं, म्हणून उत्पादकांनी धातू बदलला. प्रत्येक सेंटरवर सिलिंडर मिळत असताना हे घरात आणायचं कारण मला सापडत नाही.

काका आधी "सुटं देणार नाही" म्हणत होते. हिरवा फिल्टर दाखवला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ बघितला, मग स्वतःच म्हणाले, "हा मी पोरीला देत नाही." बीसीडी आठवडाभर तपासायला दिला. फिन्स आणि वेटसूटचे पैसे तिथेच दिले. बीसीडी रात्रभर टणक राहिला, त्याचा इन्फ्लेटर बदलून घेतला. मास्क आणि कॉम्प्युटर तिने नवीन घेतलेत. या हंगामात कुडाळला उतरेल तेव्हा रेग्युलेटर मालवणातच भाड्याने घेईल.

सिलिंडर काकांच्या गॅलरीत राहिला. दाबाचा काटा अजून शंभर बारवर होता. निघताना त्यांना सांगितलं, "काका, सावलीत ठेवा, आडवा करून टेकू लावा. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून हवा सोडा. पूर्ण रिकामा नको, थोडा दाब राहू द्या, म्हणजे ओल आत शिरत नाही."