एकच जाडी, पाच पिक्स आणि नागपूरचा उन्हाळा

नागपुरात बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात गिटारच्या तारा छेडायची छोटी पट्टी, म्हणजे पिक, घ्यायला गेलं आणि "भाऊ, एक मीडियम पिक द्या ना" म्हटलं, की डब्यात हात जातो आणि हाताला पहिली लागेल ती काउंटरवर येते. घेणाऱ्याला वाटतं, मीडियम म्हणजे मीडियम. इथेच फसगत होते. 'थिन', 'मीडियम', 'हेवी' हे शब्द कंपनीगणिक बदलतात. पिकवर छापलेला मिलिमीटरचा आकडा खरा असला तरी तो जाडी सांगतो, ताठपणा सांगत नाही. म्हणून या परीक्षणात जाडी एकच धरली आहे, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि फक्त माल बदलला आहे. फेंडरची ३५१ आकाराची (नेहमीची गोलसर त्रिकोणी) सेल्युलॉइड मीडियम, डनलॉपची नायलॉन ०.७३, डनलॉपचीच पिवळी टॉर्टेक्स ०.७३, अल्टेक्स ०.७३ आणि पाचवी, जुन्या प्लास्टिक कार्डातून कापलेली घरगुती पिक. ही पाचवी गंमत म्हणून घेतलेली नाही. बँकेच्या कार्डाची जाडी आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.७६ मिमी असते, म्हणजे ते आयतंच मीडियम आहे. (पीव्हीसीचं आधार कार्ड तेवढं पंचखाली घालू नका.)

आधी जाडीचा हिशेब, कारण तो कळला की निम्मी खरेदी सोपी होते. पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पिवळ्या ०.७३ वरून हिरव्या ०.८८ वर गेलात तर जाडी जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढते, पण ताठपणा पावणेदोन पट होतो. निळ्या १.० वर गेलात तर अडीच पट. "एकच नंबर वाढवला आणि कॉर्ड अडखळायला लागली" (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) या तक्रारीचं मूळ यात आहे. हात बिघडलेला नसतो, पिक एकदम जवळजवळ दुप्पट कडक झालेली असते. टॉर्टेक्सचे रंग पाठ करून ठेवावेत: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १.०, जांभळी १.१४. आकडा पुसला गेला तरी रंग राहतो.

सेल्युलॉइड म्हणजे कापूस अधिक कापूर. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळतं आणि त्याला लवचिक करायला कापूर घालतात. विदर्भातल्या माणसाला यातला अर्धा कच्चा माल घरचाच. पिक सँडपेपरवर घासून वास घ्या, देवघरातला कापूर ओळखू येईल. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रेआ यांनी १९२२ मध्ये सेल्युलॉइडच्या पिक्स कापायला घेतल्या आणि आज सर्वत्र दिसणारा ३५१ हा आकाराचा क्रमांकही त्यांच्याच यादीतला. फेंडरची मीडियम हातात घेतली की हा माल शंभर वर्षं का टिकला ते कळतं. आवाज गोल, तारेवरून पिक सुटताना होणारी टिकटिक कमी, आणि बोटांच्या उबेने पृष्ठभाग किंचित चिकट होतो, त्यामुळे पकड चांगली बसते. ॲकॉस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या) गिटारवर कॉर्ड वाजवत गाणाऱ्यासाठी पाचांत सर्वांत गोड आवाज हिचा.

पण झिजते फार लवकर. बारा नंबरच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची) ब्राँझ तारांवर रोज तासभर जोरात स्ट्रमिंग केलं, म्हणजे सगळ्या तारांवरून पिक खालीवर फिरवली, तर काही आठवड्यांत टोक बोथट होतं आणि कडेला बारीक टवके उडतात. दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली सेल्युलॉइड पिक वाकून येते. वाकलेली पिक तारेला दोन्ही दिशांनी सारखी लागत नाही. खाली जाताना अडकते, वर येताना निसटते. ती सरळ करायला मेणबत्ती किंवा लायटर जवळ नेऊ नका. हा माल भुर्रकन पेटतो. पकड वाढवायला गरम सुईने भोक पाडायचं असेल तर तेही हिच्यावर नाही.

नायलॉनबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नागपुरात ही पिक ऋतूप्रमाणे स्वभाव बदलते. नायलॉन हवेतला ओलावा पितं. मध्यम दमट हवेत वजनाच्या अडीच-तीन टक्के आणि पाण्यात बुडवून पूर्ण भिजवलं तर आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. ओलावा प्यायलेलं नायलॉन कोरड्याच्या जवळपास निम्मंच ताठ राहतं. पारा पंचेचाळीसच्या वर आणि हवा कोरडीठाक, अशा मे महिन्यात ०.७३ ची राखाडी नायलॉन चांगली कडक लागते, तीच जुलैच्या झडीत लुळी पडते. हा बदल तासाभरात होत नाही, ओलावा आतपर्यंत मुरायला दिवस लागतात. म्हणून दिवसरात्र कूलर चालणाऱ्या खोलीत ठेवलेली आणि वरच्या तापलेल्या खोलीत ठेवलेली, एकाच पाकिटातल्या दोन पिक्स महिनाभराने वेगळ्या वाटू शकतात. कोरडं नायलॉन ठिसूळही होतं, त्यामुळे उन्हाळ्यात टोकापासून आत उभी चीर जाण्याचं प्रमाण वाढतं. उपाय सोपा आहे. नवी पिक दोन-तीन दिवस पाण्याच्या वाटीत ठेवा, पुसा, मग वाजवा. कारखान्यातही नायलॉनचे भाग असेच ओलावतात.

आवाज मऊ, थोडा बोदा. जोरात फटकारलं तरी तार करकरत नाही, त्यामुळे नवशिक्याला ही माफ करते. उंचावलेल्या नक्षीमुळे घामातही निसटत नाही, आणि उन्हाळ्यातल्या उघड्या मांडवातल्या ऑर्केस्ट्रासाठी हा गुण मोठा. दोष साच्याचा आहे. नायलॉन साच्यात ओतून बनतं, त्यामुळे कडेला एक बारीक रेघ राहते. नवी पिक घेतल्या घेतल्या ती रेघ काढली नाही तर गुंडाळलेल्या तारांवर (ज्यांच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते त्या जाड तारांवर) खसखस ऐकू येते आणि माइकसमोर ती वाढते.

टॉर्टेक्सची जन्मकथा नावातच आहे, टॉर्टॉइज म्हणजे कासव. पूर्वी उत्तम पिक हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या कवचाची मानली जाई. कासव संपत आलं, १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, भारतातही ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. डनलॉपने १९८१ मध्ये बाजारात आणलेला पर्याय म्हणजे टॉर्टेक्स, आणि माल डेलरिन, म्हणजे घड्याळातले आणि प्रिंटरमधले छोटे दातेरी चाक ज्याचे करतात तेच प्लास्टिक. हे पाणी जवळजवळ पीत नाही, बुडवून ठेवलं तरी एक टक्क्याच्या आत. म्हणूनच मे असो की ऑगस्ट, गच्ची असो की देशपांडे सभागृहाचा एसी, पिवळी पिक पिवळ्यासारखीच वागते. नागपुरात गुण द्यायचे तर याच एका गोष्टीला जास्त द्यायला हवेत.

पृष्ठभाग खडूसारखा कोरडा असल्याने थोड्या घामात पकड राहते; हात अगदी ओलाचिंब झाला की मात्र निसटते. आवाज स्पष्ट, सुरुवातीचा ठोका ठसठशीत. झिजण्याची पद्धत जरा वाईट आहे. सेल्युलॉइडसारखी गुळगुळीत न झिजता कड कुरतडल्यासारखी होते आणि मग जाड तारांवर खरखर येते. पकड वाढवायला चिकटपट्टी लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की डेलरिनला गोंद धरत नाही. फेविक्विकसुद्धा सोलून निघतं. त्यापेक्षा कटरने दोन्ही बाजूंना जाळीदार ओरखडे काढा. या मालाला गरम सुई लावणंही टाळा, कारण जास्त तापलं की डोळ्यांना झोंबणारा फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो.

अल्टेक्स मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक, वर गेंडा. पाचांत सर्वांत ताठ आणि सर्वांत टिकाऊ. ०.७३ लिहिलेलं असलं तरी हाताला ०.८८ टॉर्टेक्सच्या जवळ जाते. इलेक्ट्रिकवर स्वर सुटे आणि खणखणीत येतात. नव्या ब्राँझ तारांच्या ॲकॉस्टिकवर तोच गुण अंगावर येतो, आवाज चिरका वाटतो. तारा पंधरा-वीस दिवस जुन्या झाल्या की जोडी जमते. ताठ पिकने स्ट्रमिंग करायचं असेल तर ती सैल धरावी लागते; घट्ट धरली तर बारीक तारा तुटतात, किंवा पिकच हातातून उडते आणि गिटारच्या भोकात जाऊन बसते.

कार्डाच्या पिकबद्दल दोन वाक्यं पुरेत. पीव्हीसी मऊ, आवाज मेलेला, टोक दोन-चार दिवसांच्या वाजवण्यात जातं, आणि पंचिंग मशीनने पडलेली कड न घासता वापरली तर तारेवर सुरीसारखी लागते. पिक हरवल्यावर रात्री नऊला, दुकानं बंद असताना, ठीक आहे.

आकाराचा भाग थोडक्यात. ३५१ सगळ्यांना चालते. मोठी गोल कोपऱ्यांची त्रिकोणी पिक स्ट्रमिंग आणि बेससाठी उत्तम, आणि तीन टोकं म्हणजे एका पैशात तीन पिक्स. लीड, म्हणजे एकेका स्वराची धून, वाजवणारे बहुतेक डनलॉपच्या जॅझ थ्रीवर येऊन थांबतात: छोटी, टोकदार, १.३८ मिमी. तार ओलांडायला अंतर कमी लागतं, वाकण्यात वेळ जात नाही, म्हणून वेगवान लकेर स्वच्छ येते. एरिक जॉन्सन यांच्या नावाने निघते तीही लाल नायलॉनची जॅझ थ्रीच. एवढ्या जाडीला ओलाव्याने येणारा लुळेपणा हाताला फारसा कळत नाही, त्यामुळे वरची नायलॉनची तक्रार हिला लागू नाही. पण तिच्याने कॉर्ड वाजवू नका; पकडायला जागाच नाही, बोट तारेवर घासतं. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे तर सहा पेन्सचं नाणं वापरतात. आपल्याकडचे सतारिये तारेची नखी घालतात, सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जवा धरतात, तेव्हा धातू आणि लाकूड यांत आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. फक्त गिटारच्या बारीक तारांवर नाणं वापरायचं तर तारांचा खर्च धरून चला.

पस्तीस डॉलरच्या पुढच्या, ब्लूचिपसारख्या कंपन्यांच्या पिक्सबद्दल विचारणा होते. ब्लूचिपच्या टीपी-४० या पिकच्या नावातला ४० म्हणजे इंचाचा हजारावा भाग चाळीस वेळा, साधारण १.०२ मिमी. माल उत्तम, कड कारखान्यातूनच घासून येते आणि झीज अगदी कमी. तेवढ्या पैशांत इथे तारांचे चार-पाच संच येतात. आणि त्या किमतीतला मोठा हिस्सा ज्या कडेचा आहे, ती घरी करता येते.

कृती अशी. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पाण्याचा सँडपेपर ओला करून ठेवा. उजव्या हाताने वाजवत असाल तर पिक वाजवताना जशी धरता तशी धरून कोणती कड तारेला आधी लागते ते पाहा. तीच कड आणि तिच्या उलट्या बाजूची समोरची कड, एवढ्याच घासायच्या. कोन साधारण ४५ अंश, प्रत्येक कडेला आठ-दहा हलके घास. मग ८००, मग १२००, शेवटी २०००. शेवटी जीन्सच्या कापडावर थोडी टूथपेस्ट लावून मिनिटभर घासा. नखावर कड ओढून पाहा. नख खरवडलं गेलं तर पुन्हा १२०० वर जा. घाईत २००० गाळू नका, गुंडाळलेल्या तारेवरची खसखस नेमकी ४०० आणि ८०० च्या ओरखड्यांमुळेच येते. सेल्युलॉइड फिरत्या मशीनवर घासू नका, हातानेच.

बनावट माल ओळखायला मिठाचं पाणी पुरतं. कपभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. १०० मिलीला सुमारे ३६ ग्रॅम मावतं. पिक बोटाने बुडवून सोडा, कारण वरवर टाकली तर पाण्याच्या ताणावरच तरंगते. टॉर्टेक्स, सेल्युलॉइड आणि अल्टेक्स तळाला जातात. नायलॉन वर येतं. 'टॉर्टेक्स' म्हणून घेतलेली पिवळी पिक वर आली तर ती डेलरिनची नाही. साध्या पाण्यातही तरंगली तर डब्याच्या झाकणाचं पॉलिप्रॉपिलिन आहे, परत करा.

आमची निवड: एकच घ्यायची तर पिवळी टॉर्टेक्स. दोन घ्यायच्या तर सोबत जॅझ थ्री. फक्त गाण्याच्या साथीला ॲकॉस्टिक वाजवत असाल आणि वर्षातून दोनदा पाकीट विकत घ्यायची तयारी असेल तर फेंडरची सेल्युलॉइड, गाडीत न विसरण्याच्या अटीवर. अल्टेक्स इलेक्ट्रिकवाल्यांनी, तीही एक नंबर खालची, ०.६०. दुकानात "मीडियम" म्हणू नका. माल, रंग आणि आकडा सांगा. आणि ३५१ चं टोक झिजलं म्हणून फेकू नका, तिचे दोन गोल खांदे अजून कोरे असतात. पिक फिरवून खांद्याने वाजवा. टोकापेक्षा मऊ, भरलेला आवाज येतो, संथ गाण्यांच्या कॉर्डना तोच जास्त शोभतो.